ऊस : दातांनी की चरकाने?

पौषातली थंडी ऐन भरात येते आणि संक्रांत चार दिवसांवर राहते, तेव्हा अहेरीच्या बाजारात उसाच्या मोळ्या दुकानांच्या भिंतींना टेकून उभ्या दिसू लागतात. आमचा हा मुलूख धानाचा आणि सागवानाचा. ऊस येथे पाहुणा म्हणूनच येतो. तुळशीच्या लग्नाला एकदा आणि संक्रांतीला एकदा. त्याला कोणी ऊस म्हणतो, तर प्राणहितेपलीकडचे तेलुगू बोलणारे गिऱ्हाईक 'चेरकु' म्हणून भाव विचारते. भाषा कोणतीही असो, मोळीतला एक ऊस उपसून, त्याची पेरे किती लांब आहेत हे पाहून मगच तो घ्यायचा, ही रीत सर्वांची एकच.

यंदा आम्ही दोन ऊस आणले. एक सुगडांसाठी आणि एक आमच्या आठ वर्षांच्या नातवासाठी. नातू ओट्यावर बसून ऊस खाऊ लागला आणि एक कांडके आमच्यापुढे धरून म्हणाला, "आजोबा, तुम्ही का नाही खात? ऊस वाईट असतो का?" प्रश्न साधा होता, पण पस्तीस वर्षे मुलांच्या प्रश्नांची उत्तरे देण्यात घालविलेल्या आम्हांस त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना. घरातच तीन मते निघाली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ऊस थंड, शक्ती देणारा, त्याने रक्त वाढते. सूनबाई म्हणाल्या, ती निव्वळ साखर. मुलाला इतकी कशाला? शेजारच्या काकू हळदीकुंकवाचे बोलावणे करावयास आल्या होत्या. त्यांनी तर निकालच देऊन टाकला, की काविळीवर उसासारखे दुसरे औषध नाही. या तीन मतांपैकी कोणत्यात किती तथ्य आणि कोणत्यात किती धोका, हे शांतपणे पाहावे, एवढ्याच हेतूने आम्ही लेखणी हाती घेतली आहे. विषय घरोघरचा आहे. यास्तव गृहिणींनी तो अवश्य वाचावा, अशी विनंती आहे.

ऊस येथे पाहुणा असला, तरी या भूमीस तो सर्वस्वी परका नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात, जुन्या भंडारा व चांदा जिल्ह्यांत, कोहळी नावाचा शेतकरी समाज आहे. तलाव बांधणे आणि तलावाच्या पाण्यावर ऊस लावणे, ही दोन कामे त्यांची कुलविद्याच मानली जात. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना बरोबर आणले, अशी आख्यायिका सांगतात.

पूर्वी खाण्याचा ऊस म्हणजे 'पुंड्या'. जाड, मऊ आणि रसाळ. संस्कृतातील 'पौण्ड्रक' तोच. पुढे १९१२ साली कोइमतूर येथे ऊस-पैदास केंद्र निघाले. तेथे वेंकटरामन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी गोड उसाचा संकर 'कास' या रानगवताशी केला. शरदात नदीकाठी पांढरे तुरे काढून डोलणारे ते हेच गवत, संस्कृत कवींचा लाडका 'काश'. या सोयरिकीने ऊस काटक झाला, रोगाला पुरून उरू लागला. परंतु सासरच्या गवताचा चिवटपणाही त्याच्या अंगी आला. आपल्या महाराष्ट्रात पाडेगावच्या संशोधन केंद्राने १९३२ पासून उसाची जी सेवा केली आहे, तीही मुख्यत्वे गुळासाखरेच्या उसाची. बाजारात आज मिळणारा ऊस पुष्कळदा असा कारखान्याच्या जातीचा असतो आणि तो चावताना आपल्या आजीला न दुखलेला जबडा आपल्याला दुखतो. हे येथे सांगण्याचे कारण पुढे कळेल.

आता उसात असते तरी काय? वजनाचे शंभर भाग केले, तर सुमारे सत्तर भाग पाणी, बारा ते चौदा भाग साखर आणि उरलेल्यात बहुतेक सारा चोथा. पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम असे क्षार थोडे, प्रथिने नावाला, 'क' जीवनसत्त्व इतके अल्प, की एका आवळ्यापुढे उसाची अख्खी मोळी लाजावी. 'ऊस तंतुमय आहे, म्हणून पोटास चांगला' असे हल्ली पुष्कळांच्या तोंडून ऐकू येते. तंतू पोटास चांगले, हे खरे. परंतु उसाचा तंतू आपण गिळतो कोठे? जे चिपाडाच्या रूपाने अंगणात थुंकून टाकले, त्याचे पुण्य आतड्यांस कसे लागावे? तात्पर्य, पोटात जाते ते गोड पाणी, आणि त्यातली साखर रासायनिक दृष्ट्या आपल्या डब्यातल्या साखरेची सख्खी बहीणच असते. या बाबतीत सूनबाईंचे म्हणणे आम्हांस मान्य करावे लागले.

मान्य करावे लागले खरे, पण तेवढ्याने प्रश्न संपला नाही. मास्तरकीची सवय जात नाही. आम्ही स्वयंपाकघरातला तराजू ओट्यावर मागविला. सोललेले करवे बरोबर २०० ग्रॅम मोजून नातवाच्या हाती दिले आणि घड्याळ समोर ठेवले. ते संपविण्यास त्याला पंचवीस मिनिटे लागली. मध्ये दोनदा 'दाढा दुखतात' म्हणून तो थांबला. चिपाडे गोळा करून मोजली, ती ९० ग्रॅम भरली. म्हणजे लाळेचा हिशेब सोडला, तर सुमारे ११० ग्रॅम रस पोटात गेला. त्यात साखर असावी पंधरा ग्रॅमच्या आसपास; चहाचे तीन-चार चमचे. एवढे झाल्यावर आणखी हवे का, असे विचारले तर स्वारीने मान हलविली.

आता दुसरी बाजू पाहा. रसवंतीतला पाव लिटरचा पेला, बर्फाचे पाणी त्यात मिसळले नसेल, तर तीस ते पस्तीस ग्रॅम साखर पोटात घालतो. तो दोन मिनिटांत रिकामा होतो आणि दुसरा मागविताना कोणाचा जबडा आड येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जे मार्गदर्शन केले, त्यात साखर, मध व फळांचे रस यांतून मिळणारी मोकळी साखर ही दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य तर पाच टक्क्यांखाली ठेवावी, असे सांगितले आहे. दोन हजार उष्मांकांचा आहार घेणाऱ्या प्रौढास हे माप अनुक्रमे पन्नास व पंचवीस ग्रॅमचे पडते. मुलांस त्याहून कमी. म्हणजे रसाच्या एकाच पेल्याने त्यातले धाकटे माप ओलांडले जाते. मग चहा, पोळीबरोबरचा गूळ आणि संक्रांतीचा तिळगूळ यांची गणती कोणत्या वहीत करावयाची?

येथे आमचे जुने वैद्य आठवतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात उसाचा स्वतंत्र विचार आहे. दातांनी चावून खाल्लेल्या उसाचा रस शीत, स्निग्ध, पुष्टी देणारा व कफ वाढविणारा सांगून, यंत्राने काढलेला रस मात्र विदाह करतो, म्हणजे नीट न पचता आतून जळजळ उत्पन्न करतो, असा भेद तेथे केला आहे. सुश्रुताने हाच भेद मानला. यंत्रातला रस बिघडतो का, याचे कारण वाग्भटाने आपल्या अष्टांगहृदयात दिले आहे, ते तर आजच्या आरोग्य-निरीक्षकाने लिहावे असे आहे. यंत्रात मूळ, शेंडा आणि किड्यांनी खाल्लेला भाग एकत्र पिळला जातो, त्यात मळ मिसळतो, आणि रस काही काळ तसाच राहतो. म्हणून तो विकृत होतो. आपण दातांनी खातो तेव्हा किडके कांडे डोळ्यांनी पाहून बाजूला टाकतो. चरकाला डोळे नाहीत. चरक या महर्षींनीच चरकाच्या रसाविषयी सावध करावे, हा नामसाम्याचा योग गमतीचा खरा, पण बोध गमतीचा नाही.

त्या वैद्यांना जंतू ठाऊक नव्हते, हे उघड आहे. तथापि 'मिसळलेला मळ' आणि 'गेलेला वेळ' ही दोन कारणे त्यांनी अचूक पकडली. आजचे शास्त्र सांगते, की रस निघाल्याबरोबर त्यात सूक्ष्मजंतूंची वाढ सुरू होते आणि उघड्या भांड्यातला रस थोड्याच तासांत आंबू लागतो. गाड्यावरच्या रसात दोष पुष्कळदा उसाचा नसतोच. तो न धुतलेल्या चरकाचा, माश्यांचा, पेला बुचकळण्याच्या बादलीचा आणि कोठल्या पाण्याचा हे न कळणाऱ्या बर्फाचा असतो.

आता नातवाच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. आजोबा का खात नाहीत? याचे उत्तर देताना आम्हांस थोडी लाज वाटते. तीन वर्षांपूर्वी आमच्या खालच्या दाढा काढाव्या लागल्या. ऊस चावणे बंद झाले. पण जिभेची सवय सुटली नाही. तेव्हा आम्ही सोयीचा मार्ग काढला. उन्हाळ्यात, संध्याकाळी फिरून येताना, रोज एक पेला रस. 'नैसर्गिक आहे, साखर घातलेली नाही' ही समजूत मनाशी होतीच. पावसाळा आला तेव्हा रात्री तीन-तीनदा उठावे लागू लागले, पायाची जखम भरेना. येथील दवाखान्यातले डॉक्टर आमचेच जुने विद्यार्थी. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी रक्ताची तपासणी त्यांनी केली आणि कागद आमच्यापुढे ठेवून म्हणाले, "गुरुजी, दात गेले म्हणजे ऊस सुटला असे समजायचे असते. गाळून प्यायचा असा त्याचा अर्थ नव्हे." वर्गात आम्ही ज्याचे कान धरले, त्याने आमचे असे धरले. रोग केवळ त्या रसाने झाला असे ते म्हणाले नाहीत. वय, घराण्यातली प्रवृत्ती आणि बैठे जीवन हेही होतेच. पण झाकलेल्या निखाऱ्यावर फुंकर आम्ही स्वतः घातली, हे खरे.

हे दुःख आमच्या एकट्याचे नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेहींची संख्या दहा कोटींहून अधिक निघाली. चरकसंहितेत प्रमेहाची जी कारणे दिली आहेत, त्यांत बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ ही एकाच ओळीत बसविली आहेत. आणि प्रमेहाच्या एका प्रकाराचे नावच उसाच्या रसावरून पडले आहे. ग्रंथ आमच्या कपाटात होता. वाचलाही होता, शिकविलाही होता. आचरिला मात्र नव्हता!

सौभाग्यवतींचा 'रक्त वाढते' हा मुद्दा राहिला. आमच्या भागात अशक्त, फिकट मुली व गरोदर स्त्रिया पुष्कळ दिसतात. त्यांना ऊस वा रस देऊन रक्त वाढेल, अशी आशा घरोघर असते. कच्च्या रसात लोह अगदी थोडे असते. गुळात ते अधिक दिसते, कारण रस आटून दाट झालेला असतो आणि काही अंशी लोखंडी कढईचेही लोह त्यात उतरते. परंतु तेवढ्याने पंडुरोग हटत नाही. हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, त्यांवर पिळलेले लिंबू आणि दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या, हाच खरा उपाय. ऊस खाऊन थकलेल्यास तत्काळ हुशारी वाटते ती साखरेची व पाण्याची. ती घटकाभराची पाहुणी असते, तिला रक्त समजू नये.

दातांविषयीही एक समज आहे, की ऊस चावल्याने दात स्वच्छ होतात. चिपाडाच्या घर्षणाने दातांचा दर्शनी भाग घासला जातो आणि लाळ सुटते, इतके खरे. पण फटींत साचलेल्या साखरेचे तेथील जंतू आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कवच पोखरते. म्हणून ऊस खाऊन झाल्यावर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि रात्री झोपण्यापूर्वी ऊस खाऊ नये. किडलेल्या, भरलेल्या किंवा बसविलेल्या दातांनी हल्लीचा चिवट ऊस तोडण्याचे साहस करू नये. नाही तर वर सांगितलेली कासाची सोयरीक महागात पडते.

आता काकूंची कावीळ. हा मुद्दा आम्ही शेवटी ठेवला, कारण तो लिहिताना हात अडखळतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी सातवीत शिकणारा एक आदिवासी मुलगा वर्गात मान टाकून बसलेला आम्ही पाहिला. डोळे पिवळे झाले होते. त्याच्या वडिलांना बोलावून आम्ही मोठ्या अधिकाराने सांगितले, "कावीळ आहे. पंधरा दिवस उसाचा रस पाजा, तेलकट देऊ नका." गुरुजींचा शब्द म्हणून त्या गरीब माणसाने दूरवरून ऊस मिळविला आणि पोराला पाजला. दहाव्या दिवशी मुलाचे हातपाय असह्य दुखू लागले, तेव्हा त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणले. रक्त तपासल्यावर कळले, की तो यकृताचा विकार नव्हताच. तो सिकलसेल होता. या रोगात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर फुटतात, आणि त्यामुळेही डोळे पिवळे दिसतात. मुलगा वाचला. आज तो कर्ता पुरुष आहे, भेटतो, वाकून नमस्कार करतो. त्याचे ते दहा दिवस मात्र आमच्या हिशेबी कायमचे मांडलेले आहेत.

यास्तव वाचकांनी एवढे मनावर कोरून ठेवावे. डोळे पिवळे होणे हे लक्षण आहे, एकच एक रोग नव्हे. ते दूषित पाण्यातून येणाऱ्या यकृतदाहाने होईल, सिकलसेलने होईल, पित्ताच्या मार्गात खडा अडकल्याने होईल. आणि आमच्या गडचिरोलीसारख्या जंगली जिल्ह्यात घातक हिवतापानेही होईल, ज्यात एक दिवसाचा विलंबही जिवावर बेततो. उसाच्या रसाने यांपैकी एकही रोग बरा होत नाही. उलट दूषित पाण्याने किंवा बर्फाने बिघडलेला रस हाच काविळीला घरात आणू शकतो. रोगी डॉक्टरांना दाखविला, त्यांनी मोकळीक दिली आणि रस घरी स्वच्छ काढलेला असला, तर रुची म्हणून घोटभर द्यावा. औषध म्हणून देऊ नये.

सणासुदीच्या दोन सूचना राहिल्या. तुळशीच्या मांडवाचा ऊस आठ-पंधरा दिवस तसाच उभा राहतो आणि मग 'प्रसाद वाया कशाला' म्हणून तो मुलांना दिला जातो. कापलेला ऊस दिवसेंदिवस बिघडत जातो. आत लालसर वा तपकिरी पडलेला, आंबूस वासाचा किंवा बुरशी धरलेला ऊस मुळीच खाऊ नये; तेवढाच भाग कापून बाकीचा खावा, हीही काटकसर नको. उत्तर चीनमध्ये हिवाळाभर साठवून बुरसलेला ऊस खाल्ल्याने १९७२ ते १९८९ या काळात आठशेंहून अधिक लोकांना विषबाधा झाली आणि त्यांतले सुमारे एकदशांश दगावले. बहुतेक लहान मुले होती. बुरशीचे ते विष मेंदूवर आघात करते आणि उकळूनही त्याचा भरवसा धरता येत नाही. देवाला ताजा ऊस वाहिला, तर आपणही ताजाच खावा, हे धर्माला सोडून नाही.

दुसरी सूचना बोरन्हाणाची. तान्ह्या व रांगत्या बाळांच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे आणि उसाचे करवे ओतण्याची आपली चाल गोड आहे. ती खुशाल चालवावी. पण खाली पडलेला करवा बाळाने तोंडात घातला आणि तो घशात अडकला, तर सोहळ्याचा आकांत होण्यास क्षण पुरतो. चार-पाच वर्षांखालील मुलाच्या हाती उसाचा तुकडा, बोर वा शेंगदाणा देऊ नये. मोठ्या मुलांनाही बसवून, आपल्या देखत आणि साल वडील माणसाने सुरीने काढून द्यावी.

एवंच, ऊस वाईट नाही. निरोगी मुलाने वा तरुणाने, ज्याचे दात शाबूत आहेत त्याने, हंगामात चार-सहा वेळा ताजा ऊस स्वतः चावून खावा. वर पाणी प्यावे, चूळ भरावी आणि त्या दिवशी दुसरे गोड कमी करावे. मधुमेह्याने रसाच्या वाटेस जाऊ नये; ऊस खावयाचा झाल्यास वैद्याला विचारून, एखाद्या करव्यावर समाधान मानावे. निसर्गाने उसाची गोडी कठीण सालीत व चिवट चोथ्यात कोंडली आहे आणि तिचे माप आपल्या दातांच्या स्वाधीन केले आहे. चरक आला आणि ते माप मोडले. सारा घोटाळा तेथून सुरू होतो. सुश्रुताने नोंदविले आहे, की ऊस मुळाशी अतिशय गोड असतो आणि शेंड्याकडे खारट होत जातो. आधुनिक शास्त्रही सांगते, की साखर बुंध्याच्या पेरांत आधी भरते. 'ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये' ही म्हण ज्या कोणी शहाण्याने केली, त्याला मूळच अधिक मोह घालते हे ठाऊक असले पाहिजे.

नातवाला आम्ही एवढेच सांगितले, "बाळ, ऊस वाईट नाही. आजोबांनी तो दातांऐवजी पेल्याने खाल्ला, ते वाईट झाले." त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "मग माझे दात आहेत तोवर मी खाऊ?" आम्ही म्हटले, खा. संक्रांतीच्या दिवशी देवापुढच्या सुगडातला एक लहानसा करवा आम्ही उचलला, पुढच्या दातांनी हळूहळू चोखला आणि उरलेला गाईपुढे टाकला. गोडी तीच होती, लहानपणची.